मुलगा आयटीआयला लागलाय, आता आपण काय करायचं?

ताई, सगळ्यात आधी हजेरी. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते. शेतीची कामं, लग्नकार्य यासाठी आठवड्यातला एखादा दिवस बुडाला की वर्षाअखेरीस गणित बिघडतं. शिवाय फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन हे हातानं शिकायचे ट्रेड. फायलिंग (कानशीनं धातू घासणं) किंवा वेल्डिंगचा चुकलेला सराव वही उतरवून भरून निघत नाही.

दुसरं, कागदपत्रं. आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते याच महिन्यात बघा. बँक खातं आधारला जोडा. नावातला फरक नेमका अप्रेंटिसशिपच्या (कोर्सनंतर कंपनीत राहून काम शिकण्याच्या) वेळी अडतो, आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो.

सुरुवातीला पालकांच्या हातून होणाऱ्या चुका:

- "बारावीला नाही जमलं म्हणून इथे घातलं" असं पाहुण्यांसमोर बोलणं. पोर मनातून खचतं. हे आजच थांबवा.
- कोर्स संपताच मिळेल त्या पगारावर कामाला लावणं. आधी अप्रेंटिसशिप करू द्या. विद्यावेतन मिळतं आणि परीक्षा पास झाल्यावर राष्ट्रीय प्रमाणपत्रही.
- निदेशकांना, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्या सरांना, फक्त तक्रार आली की भेटणं. दोन महिन्यांतून एकदा जा आणि "कोणत्या जॉबला त्याचा हात अडतो?" एवढंच विचारा (जॉब म्हणजे सरावाला बनवायची वस्तू).

रोज संध्याकाळी आज काय बनवलं ते त्याला सांगायला लावा. तुम्हाला त्यातलं कळत नसलं तरी चालेल.

डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही आहे, पण ते पुढच्या वर्षी बघू.