भिंगरीसाठी सोडलेला खण

एका दुर्गम बेटावरचे जुने घर विकत घेण्याचा आपला विचार आहे. त्याची दुरुस्ती चालू असतानाच तिथले पक्षी आणि वन्यजीव निवांतपणे पाहता येतील का, की एकामुळे दुसरे बिघडेल, असे आपण विचारले आहे. ठरवलेल्या मुदतीपेक्षा किती वेळ जास्त धरावा, हेही विचारले आहे. माझे घर समुद्रातल्या बेटावर नाही. ते बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम कडेला, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत, रानाला लागून आहे. पण दोन ओढ्यांच्या बेचक्यात असल्यामुळे जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत त्याचे बेटच होते, आणि बाहेरच्या जगाशी संबंध उरतो तो एका लाकडी साकवापुरता, म्हणजे ओढ्यावरच्या पायपुलापुरता. बेळगाव शहरात वर्षाला साधारण 1300 मिलिमीटर पाऊस पडतो. कणकुंबीच्या पट्ट्यात त्याच्या तिपटीहून अधिक. इथल्या डोंगरधारेच्या एका बाजूचे पाणी मलप्रभेतून पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि दुसऱ्या बाजूचे म्हादईतून गोव्यात उतरते.

आजोबांचे हे घर सतरा वर्षे बंद होते. 2018 च्या डिसेंबरात मी काम सुरू केले तेव्हा सरळ हिशेब मांडला होता, की मे अखेरपर्यंत भिंती आणि छप्पर उरकून पावसाळाभर सोप्यात बसून पाखरे पाहायची. हा हिशेब चुकला, कारण घर बंद असले तरी रिकामे नव्हते. माळ्यावर वटवाघळे होती, गोठ्याच्या आढ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी होती आणि सोप्यातल्या तुळईच्या पोटाला लालबुड्या भिंगरीचे मातीचे जुने घरटे होते. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की दोन्ही साधते, मात्र कामाचे वेळापत्रक आपल्या हाती राहत नाही. ते पाऊस ठरवतो, आणि त्यातून जे दिवस उरतात त्यांतले निम्मे घरातले जुने रहिवासी ठरवतात.

भिंगरीचेच सांगतो. भिंतींच्या डागडुजीसाठी आम्ही मागच्या उतारातली तांबडी माती खणून, तीत भाताचे बारीक चिरलेले पिंजर घालून अंगणातल्या खड्ड्यात भिजत घातली होती. ही माती आठ-दहा दिवस मुरावी लागते आणि रोज पायाने तुडवावी लागते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी पाहतो तर खड्ड्याच्या काठावर दोन भिंगऱ्या उतरलेल्या. पंख उभे धरून, चोचीत मटाराएवढी गोळी घेऊन त्या उडायच्या, थेट सोप्यात शिरायच्या आणि जुन्या घरट्याच्या तुटलेल्या तोंडाला ती गोळी लावून परत यायच्या. या पक्ष्याचे घरटे आडव्या सुरईसारखे असते. पोट फुगीर आणि पुढे अरुंद नळी. आम्ही मळलेल्या मातीतून ती नळी रोज बोटभर वाढत होती. अडचण एवढीच होती की नेमक्या त्याच खणावरचे, म्हणजे दोन तुळयांमधल्या भागावरचे, दोन वासे कुजले होते आणि कौले उतरवायचा दिवस ठरला होता. मी गवंडीमामांना म्हटले, की आता काय करायचे. ते तंबाखू मळत बराच वेळ वर पाहत राहिले आणि म्हणाले, "घाई कशाला करूलाय? त्येंचं घर आधी होऊ दे की."

मग तो खण आम्ही सोडून दिला. कुजलेल्या वाशांखाली कळकाचे टेकू दिले, बाकीच्या सगळ्या छपराची कौले उतरवली, नवे वासे आणि रिपा घातल्या आणि शाकारणी पूर्ण केली. अंडी घातल्यापासून पिल्ले उडेपर्यंत पाच-सहा आठवडे जातात. त्या हिशेबाने जूनचा पहिला आठवडा उजाडला आणि पाऊस आला. पहिले वर्ष तो एक खण गळतच राहिला, खाली घमेले ठेवून निभावले, आणि वासे बदलले ते डिसेंबरात, घरटे मोकळे असताना. हे केवळ हौसेचे नाही, हेही लक्षात घ्यावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात संरक्षित पक्ष्यांची अंडी व घरटी यांना धक्का लावणेही येते.

वटवाघळांबद्दल घरातल्यांचा आग्रह होता की धूर करून हाकलून द्यावीत. मी पिल्लांचा काळ टळेपर्यंत थांबलो आणि नंतर ती संध्याकाळी बाहेर पडल्यावर माळ्याच्या फटी एकेक करून बुजवल्या. गोठ्याचा माळा मात्र त्यांच्यासाठी उघडा ठेवला. आमची वटवाघळे अगदी साधी, पण याच तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या रानात बारापेडे नावाच्या गुहा आहेत, आणि तिथे राहणारे रॉटनचे वटवाघूळ बराच काळ जगात केवळ त्या गुहांतूनच ठाऊक होते, पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडले. हे कळल्यापासून धुराचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

आता सामानाचे. बेटावर सर्वांत महाग वस्तू म्हणजे विसरलेली वस्तू. कौले खानापुरातून आणली. हा तालुका कौलांसाठी आणि मातीच्या भांड्यांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे, आणि आपण ज्याला मंगळुरी कौल म्हणतो, त्याचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने 1865 साली मंगळुरात काढला होता. चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात, प्रत्येक कौल अडीच-तीन किलोचे असते, आणि ट्रॅक्टर साकवाच्या अलीकडेच थांबतो. पुढचे सगळे डोक्यावरून. मी चुना, खिळे, तारा, सगळे मोजून आणले आणि दारांच्या बिजागऱ्या दुकानातच विसरलो. पाऊस लागला, ओढा चढला, आणि परसदाराचे नवे दार चार महिने सुंभाने चौकटीला बांधून ठेवावे लागले. त्याच ऑगस्टमध्ये, 2019 च्या महापुरात, साकवही गेला. वर्षभराचे सामान मृगाच्या आधी पंधरा दिवस घरात आलेच पाहिजे, आणि यादी स्वतः न करता जो हाताने काम करणार आहे त्याच्याकडून करून घ्यावी.

माझ्या दोन चुका मात्र सविस्तर सांगण्याजोग्या आहेत. पहिली सिमेंटची. पश्चिमेच्या मातीच्या भिंतीला मी शहरातून आणलेल्या गवंड्याकडून बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला, कारण झोडपणारा पाऊस त्याच बाजूने येतो. मातीची भिंत ओल घेते आणि कोरड पडली की ती बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बंद झाली, ओल आतच साठली, आणि ऑगस्टअखेर हातभर लांबीचे पापुद्रे मातीसकट खाली आले. पुढच्या वर्षी तो सगळा खरवडून चुन्याचा गिलावा दिला, पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून छपराचा वळचणीकडचा भाग दोन फूट पुढे काढला आणि पावसाच्या तोंडाला पूर्वीसारख्या गवताच्या ताट्या बांधल्या. गोठ्याची आडभिंत तर कारवीच्या काठ्यांचा कूड घालून वर माती-शेणाने लिंपलेली होती. तिला हातही लावावा लागला नाही. लाकडाला वाळवीसाठी काजूच्या टरफलांचे तेल दिले. हातमोजे न घालता ते लावू नये. माझ्या मनगटावरचा डाग अजून गेलेला नाही.

दुसरी चूक काचेची. पक्षी पाहायचे म्हणून ओढ्याच्या बाजूला मी पाच फुटांची अखंड काच बसवली. आम्ही भिंतींसाठी माती खणली होती तिथे उतारात छातीएवढा उभा कापा तयार झाला होता, आणि पुढच्या जूनमध्ये त्या कापात तिबोटी खंड्याच्या जोडीने बीळ कोरले. चिमणीहूनही लहान असा हा पक्षी, जांभळी-नारिंगी पाठ, लालभडक चोच. तो सरडे, बेडकाची पिल्ले आणि कोळी आणून बिळात न्यायचा. मी त्या काचेआड बसून तासन्‌तास पाहत होतो, आणि चौथ्या की पाचव्या दिवशी त्यातलाच एक काचेवर आदळून ओसरीवर पडला. काचेत झाडे दिसतात, पक्ष्याला ती वाट वाटते, आणि खंड्याची ही जात काचांवर आदळण्यासाठी पक्षिनिरीक्षकांत ठाऊक आहे. मी त्याला पुठ्ठ्याच्या अंधाऱ्या खोक्यात ठेवले. अर्ध्या तासाने आत खरखर ऐकू आली, झाकण उघडताच तो निघून गेला. नशीब माझे. त्याच संध्याकाळी काचेवर बाहेरून गोणपाट टाकले आणि दिवाळीनंतर तिथे गजांची साधी खिडकी व बांबूचा चिक बसवला. त्या चिकाच्या फटीतून आता पूर्वीपेक्षा अधिक दिसते, कारण आत हललेले पक्ष्याला कळत नाही.

बाकी प्राण्यांचे थोडक्यात. गवे रात्री अंगणापर्यंत येतात. कुंपण मोडले तर सकाळी बांधावे, रात्री बॅटरी घेऊन बाहेर जाऊ नये. फणस पिकले की अस्वलाची शक्यता धरून ते वेळीच उतरवावेत. बाहेरचा प्रखर दिवा काढून टाकावा. आमचा काढल्यावर मे अखेरीस ओढ्याकाठच्या झाडांवर काजवे दिसू लागले. कामाच्या दिवसांत मुद्दाम पाखरे पाहायला मी क्वचितच गेलो. रिपा तासत एका जागी दोन-तीन तास बसले, की शेकरू डोक्यावरच्या फांदीवर येऊन खायला लागते, धनेशाच्या पंखांचा आवाज छपरावरून जातो आणि शीळकरी कस्तुर ओढ्यातल्या दगडावर पहाटेची लांबलचक शीळ पुन्हा सुरू करतो. करवत यंत्राची असेल तर यातले काही होत नाही. आम्ही यंत्र दुपारी बारा ते तीन एवढेच चालवत असू.

मुदतीविषयी आपण विचारले होते. मी सहा महिने धरले होते. 2022 च्या मे महिन्यात घर राहण्याजोगे झाले, म्हणजे साडेतीन वर्षे गेली, आणि त्यातला टाळेबंदीचा काळ वजा केला तरी तीन मोसम लागलेच. न्हाणीघराची मागची भिंत अजून राहिली आहे. यंदा मार्चमध्ये ती काढायची ठरवली होती, पण तिच्यातल्या निखळलेल्या चिऱ्याच्या भोकात दयाळाने काड्या नेल्या, आणि काम डिसेंबरवर गेले.