पोळी सोडून ज्वारीची भाकरी सुरू केली तर कार्ब कमी होतात का?

नाही, कार्ब कमी होत नाहीत, १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम कार्ब अन् गव्हाच्या आट्यात ६४, फायबर दोन्हीत १०-११ ग्रॅम, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात बघितलंय. खरा फरक तेलाचा आहे, कारण फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी अन् कार्बच्या ग्रॅमला ४, म्हणून पोळीला लावलेलं, शेंगदाण्याच्या चटणीवर ओतलेलं तेल आधी मोजा, आपल्या मराठवाड्यात येसराच्या आमटीवर तर्री किती असते माहितीच आहे. फायबर वाढवायचं तर एक भाकर कमी करून पालेभाज्या अन् डाळ घोटून केलेला गरगट्टा नाहीतर कच्च्या मेथीचा घोळाणा भरपूर घ्या. फक्त गव्हाचा आटा बारीक चाळून कोंडा फेकत असाल तर मात्र न चाळलेल्या ज्वारीची भाकरीच चांगली, फायबर जास्त कोंड्यातच असतं.