गॅरेजमधून उत्तर : हिमालयनला सुपरचार्जर

प्रश्न : नमस्कार काका. माझं वय २४, राहणार कागल. माझ्याकडे २०१९ची रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ मोटारसायकल आहे. आमच्या माळावर आम्ही मित्रांनी चिखल-खडकांचा ट्रॅक केलाय, गाडी फक्त तिथंच चालते. उभ्या चढावर दम कमी पडतो. मुंबईच्या भंगारबाजारात आयसिन कंपनीचा एएमआर ५०० ब्लोअर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर, मिळाला. ब्रॅकेट मित्र लेथवर करून देणार आहे. बसवू का? बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, किती ठेवू?

उत्तर : काका म्हणालास, म्हणून ‘तू’ म्हणतो. बसव. पण ब्लोअर सगळ्यात शेवटी बसव. लेथ आहे, मित्र आहे, म्हणून सगळे ब्रॅकेटपासून सुरुवात करतात. मीही तेच केलं होतं. फार वर्षांपूर्वी साडेतीनशे सीसीच्या एका सिंगल सिलिंडर गाडीला ब्लोअर लावून खंबाटकीचा घाट चढलो. निम्म्या घाटापर्यंत गाडी अशी खेचत होती की मला हसू आवरेना. वर पोचायच्या आत पिस्टनच्या डोक्याला रुपयाएवढं भोक पडलं. ब्रॅकेट मात्र शाबूत होतं.

आधी कागद-पेन्सिल घे. चार स्ट्रोकचं ४११ सीसी इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं, म्हणजे क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) एका फेरीला सरासरी २०५ सीसी हवा. तुझा ब्लोअर एका फेरीत ५०० सीसी ढकलतो. एकास एक पुली लावलीस तर जवळजवळ अडीचपट हवा आत कोंबली जाईल. म्हणून ब्लोअर क्रँकपेक्षा हळू फिरला पाहिजे, क्रँकच्या एका फेरीला ०.६. मग ३०० सीसी येईल, त्यातली काही रोटरच्या फटीतून मागे गळेल आणि साधारण ०.३५ बार, म्हणजे पाच पीएसआय बूस्ट उरेल. याच्या वर जाऊ नकोस. ब्लोअर इतका हळू फिरला की गळती वाढते, त्यामुळे तीनशे सीसीचा लहान भाऊ मिळाला तर अदलाबदल कर, या इंजिनला तोच शोभतो.

आता खरी गोष्ट उष्णतेची. तुझ्यासारखा रूट्स जातीचा (दोन रोटरांनी हवा ढकलणारा) ब्लोअर हवा दाबतो तशी तापवतोही. बाहेर ३० अंश असेल तर पाच पीएसआयला आत जाणारी हवा सहज ऐंशीच्या पुढे जाते. तापलेली हवा विरळ. दाब ३५ टक्के वाढला तरी हवेचं वजन वाढतं जेमतेम १५ टक्के. त्यातून ब्लोअर फिरवायलाच वरच्या आरपीएमला अडीच-तीन हॉर्सपॉवर जातात. मूळ इंजिन चोवीस हॉर्सपॉवरचं. हिशेब केलास तर एवढ्या खटाटोपातून हातात एखादी हॉर्सपॉवर उरते, आणि सोबत नॉकिंग, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकून होणारी ठकठक. इंटरकूलरने, म्हणजे हवा थंड करणाऱ्या जाळीने, तीच हवा पन्नास अंशांवर आणलीस तर वाढ पंचवीस टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणून इंटरकूलर आधी. तोही मडगार्डमागे चिखलात नको, हेडलाइटच्या बाजूला उंचावर लाव. ट्रॅकवर वेग कमी, वारा नाही, तेव्हा छोटा पंखा हवाच.

मूळ कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती पट दाबतो ते, ९.५ आहे. ते ८.५ वर आण. ७८ मिमी बोअरला त्यासाठी बॅरलखाली सुमारे १.३५ मिमीची प्लेट लागते. बॅरल उचललं की कॅमची चेन ताणली जाते आणि टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ, किंचित मागे सरकतं. डिग्री व्हील (क्रँकवर लावायची अंशांची चकती) लावून तपास, अंदाजाने नको.

सिंगल सिलिंडरची आणखी एक खोड. ब्लोअर सतत फुंकतो, इंजिन मात्र दोन फेऱ्यांत एकदाच मोठा घोट घेतं. मध्ये साठवणीची टाकी नसेल तर दाब वरखाली नाचतो. इंटरकूलर आणि पाइप धरून किमान दोन लिटर जागा ठेव.

ती जागा थ्रॉटलच्या (मुठीने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) आधी हवी, हे मोठ्या अक्षरात लिहून ठेव. थ्रॉटल बॉडी ब्लोअरच्या अलीकडे आणि टाकी पलीकडे असेल, तर मूठ सोडल्यावरही टाकीतली हवा इंजिनात जात राहते. हायवेवर हे चालून जाईल. ओल्या खडकावर, मागचं चाक निसटत असताना, तू मूठ सोडलीस आणि गाडी आणखी क्षणभर पुढे खेचत राहिली तर पाय मोडेल. थ्रॉटल हेडजवळच राहू दे, आणि तो बंद झाला की दाब परत ब्लोअरच्या तोंडाशी सोडणारा बायपास व्हॉल्व्ह बसव. तो नसेल तर रबरी पाइप उडतो.

पेट्रोल : मूळ ईसीयू (पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा संगणक) बूस्ट ओळखण्यासाठी बनवलेला नाही. प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, मोठा इंजेक्टर आणि धुरावरून हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर घे. मीटर लॅम्डामध्ये वाच (१ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली पेट्रोल जास्त), कारण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हा जुना आकडा लागू पडत नाही. पूर्ण मुठीला ०.८२ ते ०.८५, इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, मूळपेक्षा मागे, आणि ती डायनोवरच (ताकद मोजायच्या यंत्रावर) थोडी थोडी पुढे आण.

बेल्ट दातेरी घे, चिखलात सपाट बेल्ट घसरतो. त्यावर बंद कव्हर कर. पँटचा पाय त्यात जाता कामा नये.

ही गाडी रस्त्यावर आणू नकोस. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दोन्ही सांगतात की कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. माळावर न्यायची तर टेम्पोत घालून ने.

प्रश्न : माझीही ४११च आहे. लडाखला जातोय. उंचीवर ताकद पडते म्हणतात, ब्लोअरने भरून येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तत्त्वतः येईल. विमानांच्या इंजिनांना सुपरचार्जर याचसाठी बसवत. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब आपल्या किनाऱ्याच्या जेमतेम निम्मा. पण तेवढी तूट भरायला दाब जवळजवळ दुप्पट करावा लागेल, आणि वर कागलकरांना लिहिलेलं सगळं सोबत न्यावं लागेल, तेही जिथे सुटा भाग मिळत नाही अशा रस्त्यावर. शिवाय रस्त्यावर ते बेकायदा. पुढचा १५ दातांचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) काढून १४चा लाव. चाकाशी खेच सात टक्क्यांनी वाढेल. चेनचा ताण पुन्हा तपास आणि जुना स्प्रॉकेट बॅगेत ठेव, मनालीहून परतताना लागेल.