गरिबी, संगत की स्वभाव? माणूस गुन्हा का करतो, आणि कोणता सिद्धांत बरोबर मानायचा?

तुमची अडचण अशी दिसते: गुन्हेगारीशास्त्राच्या पहिल्याच पेपरात दहा-बारा सिद्धांत आहेत, प्रत्येक जण आधीच्याला खोडून काढतो, मग खरा कोणता? माझ्या मते त्यातले निम्मे एकमेकांशी भांडतच नाहीत. हाच माणूस का, याच भागात का, आणि आत्ताच का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. सिद्धांत वाचायला घेतला की समासात आधी लिहून ठेवा, हा यातल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय. अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरवर फार वेळ घालवू नका. 1876 मध्ये त्याने ‘जन्मजात गुन्हेगार’ मांडला, कवट्या-जबडे मोजून. 1913 मध्ये चार्ल्स गोरिंगने सुमारे 3,000 इंग्लिश कैद्यांची मापं बाहेरच्या लोकांशी ताडून पाहिली, तेव्हा गुन्हेगाराची म्हणून काही वेगळी शरीरठेवण निघाली नाही. यातला धडा मात्र आजही लागू आहे: फक्त तुरुंगातली माणसं अभ्यासली तर तुम्ही पकडले गेलेले अभ्यासता, गुन्हा करणारे नव्हे.

आता गरिबी. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने 1938 मध्ये जे लिहिलं ते ‘गरीब म्हणून चोर’ असं नाही. समाज सगळ्यांना एकच ध्येय दाखवतो, पैसा आणि प्रतिष्ठा, पण तिथवर जायचे सरळ मार्ग सगळ्यांना सारखे खुले नसतात. ही तफावत झेलायच्या त्याने पाच तऱ्हा सांगितल्या. ध्येय तेच ठेवून आडमार्ग धरणं ही त्यातली एक, आणि चोरी-फसवणूक प्रामुख्याने तिथे येते. बाकीचे निमूट चाकोरीत राहतात, ध्येय सोडून नुसते नियम पाळत बसतात, व्यसनात बुडतात किंवा बंड करतात. उत्तरपत्रिकेत या पाचही तऱ्हा न लिहिता ‘गरिबीमुळे ताण, ताणामुळे गुन्हा’ असं उरकलं की गुण जातात.

गरिबीच्या स्पष्टीकरणाला खरा धक्का दिला एडविन सदरलँड या दुसऱ्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने, 1939 मध्ये पांढरपेशी गुन्हेगारी मांडून. सुटाबुटातला अधिकारी कंपनीचे हिशेब फिरवतो, तो काही उपाशी नसतो. सदरलँडचं म्हणणं, गुन्हा शिकला जातो, तोही जवळच्या माणसांत. त्यात दोन गोष्टी येतात: हात कसा मारायचा ते तंत्र, आणि तो मारणं कसं चुकीचं नाही याची समर्थनं. संगत किती वेळा, किती काळ, किती लहान वयापासून आणि किती जवळची, यावर परिणाम ठरतो. कच्चा दुवा हा की या चार गोष्टी मोजायच्या कशा हे कोणी धड सांगत नाही.

समर्थनांचा धागा साइक्स आणि मात्झा यांनी 1957 मध्ये पुढे नेला, आणि मला हा भाग सगळ्यात कामाचा वाटतो. कोणत्याही आरोपीचा जबाब समोर घ्या आणि पाच वाक्यं शोधा: ‘माझ्या हातात काय होतं’, ‘त्याचं असं काय नुकसान झालं’, ‘त्याची तीच लायकी होती’, ‘पकडणारे तरी कुठे धुतल्या तांदळाचे’, ‘मित्रांसाठी केलं’. ही वाक्यं बोलणाऱ्याला नियम माहीत असतो, पटलेलाही असतो, फक्त या एका वेळेपुरता तो बाजूला ठेवलेला असतो. पण इथे एक खाच आहे. हे समर्थन गुन्ह्याआधी मनात होतं की पकडल्यावर सुचलं, हे जबाबावरून कळत नाही.

ट्रॅव्हिस हर्शीने 1969 मध्ये प्रश्नच उलटा केला: बाकीचे गुन्हा का करत नाहीत? जिव्हाळा, गमावण्यासारखं काहीतरी, कामात गुंतलेला वेळ आणि नियमांवरचा विश्वास या चार बंधांमुळे, असं त्याचं उत्तर. हे किशोरवयीनांच्या किरकोळ गुन्ह्यांना छान बसतं. मोठ्या आर्थिक घोटाळ्याला लावायला गेलात तर फसतं, कारण तिथे चारही बंध घट्ट असलेली माणसंच सापडतात.

‘आत्ताच का’ याला मात्र यातलं काहीच पुरत नाही. नियम सोपा आहे: जी गोष्ट वर्षानुवर्षं तशीच आहे, ती यंदाच्या वाढीचं कारण असू शकत नाही. इथे कोहेन आणि फेल्सन यांचा 1979 चा लेख कामी येतो. करायला तयार माणूस, सोयीचं लक्ष्य आणि राखणदाराचा अभाव, तिन्ही एका जागी, एका वेळी आले की गुन्हा घडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत राहणीमान सुधारत असताना घरफोड्या वाढल्या, कारण स्त्रिया नोकरीला जाऊ लागल्याने घरं दिवसा रिकामी राहू लागली आणि उचलून नेण्याजोग्या हलक्या, महाग वस्तू घरात आल्या.

याचा उलटा पुरावा, म्हणजे संधी घटली की गुन्हाही घटतो हा, पश्चिम जर्मनीत मिळतो. 1980 मध्ये मोटरसायकलवाल्याकडे हेल्मेट नसेल तर जागीच दंड सुरू झाला. त्या वर्षी सुमारे 1,50,000 मोटरसायकली चोरीला गेल्या होत्या. 1986 पर्यंत तो आकडा 60,000 च्या खाली आला. चोरांचे संस्कार सुधारले नव्हते. दिसली गाडी की पळव करणाऱ्याकडे त्या क्षणी हेल्मेट नसायचं आणि तो रस्त्यात अडवला जायचा. मग ते मोटारी किंवा सायकलींकडे वळले असतील असं वाटेल, पण त्या चोऱ्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत.

शेवटची खबरदारी भागांच्या आकडेवारीबद्दल. शॉ आणि मॅके या अभ्यासकांना शिकागोत दिसलं की राहणारे समूह बदलत गेले तरी त्याच भागांत बालगुन्हेगारी जास्त राहिली. यातून ‘भाग गुन्हेगारी पोसतो’ एवढं म्हणता येतं. त्या भागातला अमुक मुलगा गुन्हेगार निघेल, असं म्हणता येत नाही. परीक्षेत गुन्ह्याचं एखादं प्रकरण सोडवताना आधी प्रश्न माणसाचा, भागाचा की काळाचा ते ठरवा, मगच सिद्धांताचं नाव लिहा. आणि निवडलेला सिद्धांत त्या प्रकरणात कुठे तोकडा पडतो, त्याला एक स्वतंत्र परिच्छेद द्या.