जयंती, पुण्यतिथी की सण?

प्रश्न असा आहे: "3 डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांची जयंती असते की पुण्यतिथी? दोन्ही शब्द वाचनात आले."

तारखेपुरतं उत्तर सोपं आहे. झेवियर जन्मले 7 एप्रिल 1506 रोजी आणि वारले 3 डिसेंबर 1552 रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर. तेव्हा जयंती हा शब्द चूकच. पण पुण्यतिथीही मला पुरती पटत नाही.

लॅटिनमध्ये संताच्या मृत्युदिनाला 'दिएस नातालिस' म्हणतात. अर्थ चक्क 'जन्मदिवस'! इथे डोळे मिटले, तो स्वर्गातल्या जन्माचा दिवस. ही बोली फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात स्मिर्नाचे (आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर) बिशप पॉलिकार्प हुतात्मा झाले, तेव्हा तिथल्या मंडळीने लिहिलेल्या पत्रातही त्यांच्या हौतात्म्याचा 'जन्मदिवस' पाळण्याचीच भाषा आहे. 'पुण्यतिथी' म्हटलं की हा आनंद हरवतो, आपल्या कानाला निरोपच ऐकू येतो. आईच्या पोटी जन्मल्याचा दिवस कॅथलिक चर्चच्या सार्वत्रिक, म्हणजे जगभरासाठीच्या, दिनदर्शिकेत तिघांचाच असतो: येशू, मरिया आणि बाप्तिस्मा करणारा योहान.

आगमनकाळातच, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळात, पुढे 7 डिसेंबरला मिलानचे बिशप संत अँब्रोज येतात आणि दोन्ही शब्द निकालात काढतात. ते वारले 4 एप्रिल 397 रोजी. 7 डिसेंबर हा त्यांच्या बिशपपदाच्या दीक्षेचा दिवस, म्हणजे ना जयंती, ना पुण्यतिथी.

म्हणून मी 'सण' सुचवेन. हा शब्द संस्कृत 'क्षण'पासून आला, आणि 'क्षण'ला उत्सव हाही अर्थ होता. जन्म की मृत्यू, असा सवाल तो करतच नाही. मात्र काटेकोर लिहायचं तर चर्चच्या पायऱ्या पाळाव्यात: सर्वांत वर सोहळा, मग सण, मग स्मरणदिन. सार्वत्रिक दिनदर्शिकेत 30 नोव्हेंबरचा प्रेषित आंद्रिया हा सण, तर झेवियर, अँब्रोज आणि 13 डिसेंबरची लुसी हे स्मरणदिन. वेदीवरही हे दिसतं. आगमनकाळाचा जांभळा झगा बाजूला ठेवून धर्मगुरू अँब्रोजसाठी पांढरा घालतात, लुसीसाठी लाल, कारण ती रक्तसाक्षी, म्हणजे हुतात्मा. 17 डिसेंबरपासून मात्र नाताळची ओढ इतकी वाढते की स्मरणदिनही मागे सरतात. त्या दिवसांत कुणा संताची प्रार्थना घेतली, तरी झगा जांभळाच राहतो.

जाता जाता 8 डिसेंबरबद्दल. 'निष्कलंक गर्भसंभव' हा सोहळा येशूच्या गर्भधारणेचा आहे असं पुष्कळांना वाटतं. तो मरियेच्या स्वतःच्या, तिच्या आईच्या उदरातल्या गर्भसंभवाचा आहे. तिथून बरोबर नऊ महिन्यांनी, 8 सप्टेंबरला, तिचा जन्मदिन येतो, आणि तिथे 'जयंती' म्हणायला माझी काहीच हरकत नाही.