गुडघ्यातील प्लास्टिक, धरणाचा तडा आणि विरघळणारा स्टेंट

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत. प्रकृतीविषयीच्या उत्तरांमागे सर्वसाधारण माहिती आहे. प्रत्यक्ष निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

प्रश्न : आईचे वय अडुसष्ट आहे आणि तिचे दोन्ही गुडघे बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. मिरजेतील एका रुग्णालयात साधा सांधा आणि सोनेरी सांधा असे दोन पर्याय पुढे ठेवण्यात आले. सोनेरी सांधा नव्या संशोधनातून आलेला असून तो तीस वर्षे टिकतो, असे सांगितले गेले. खर्चात बराच फरक आहे. कोणता घ्यावा? (एक यंत्रमागधारक, विटा)

उत्तर : कृत्रिम गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या टोकावर बसणारा भाग बहुधा कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूचा असतो, नडगीच्या हाडावर धातूची बैठक असते आणि या दोहोंमध्ये पॉलिथिलीन या प्लास्टिकची चकती असते. ज्याला सोनेरी सांधा म्हणतात, त्यात धातूच्या पृष्ठभागावर टायटॅनियम नायट्राइडचा किंवा त्याच जातीच्या दुसऱ्या संयुगाचा काही मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारांश) जाडीचा थर दिलेला असतो. आपल्या कारखान्यात सोनेरी रंगाचे ड्रिल बिट वापरत असाल, तर हा थर आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे. तो कठीण असतो, त्यावर ओरखडे कमी पडतात आणि आतील धातूचे आयन (विद्युतभारित सूक्ष्म कण) बाहेर येण्याचे प्रमाणही तो घटवतो. निकेल किंवा कोबाल्टची ॲलर्जी सिद्ध झालेल्या रुग्णासाठी त्याचा विचार केला जातो. मात्र असा थर दिलेले गुडघे इतर रुग्णांत साध्या गुडघ्यांपेक्षा ठळकपणे जास्त टिकतात, असे आजवरच्या रुग्णनोंदींतून दिसलेले नाही.

मग तीस वर्षांचा आकडा येतो कुठून? असे दावे बहुधा प्रयोगशाळेतील यंत्रावरून केले जातात. त्या यंत्रात सांधा बसवून, त्यावर भार देऊन तो लक्षावधी वेळा वाकवतात आणि सरळ करतात. दहा लाख आवर्तने म्हणजे साधारण एका वर्षाचे चालणे, असा ढोबळ हिशेब धरला जातो. ही चाचणी आवश्यक आहे आणि प्रामाणिकही असू शकते, पण ती केवळ झीज मोजते. यंत्राला मधुमेह नसतो, त्याची जखम चिघळत नाही, त्याचे हाड ठिसूळ होत नाही आणि ते न्हाणीघरात घसरूनही पडत नाही. गुडघा पुन्हा उघडावा लागण्याच्या कारणांत जंतुसंसर्ग, सांधा हाडापासून सैल होणे आणि सांध्याचा डळमळीतपणा ही प्रमुख आहेत. यांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या कारणावर सोनेरी थराचा काही इलाज नाही.

आपण मागाच्या धंद्यातील आहात, म्हणून एक जुनी हकिकत जरा विस्ताराने सांगतो. सर जॉन चार्नली हे इंग्लंडमधील शल्यविशारद आधुनिक खुबारोपणाचे जनक मानले जातात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन निवडले. तव्यांमुळे पुढे घरोघरी पोहोचलेला हा गुळगुळीत पदार्थ कागदावर आदर्श होता आणि सुरुवातीचे रुग्णही खूश होते. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजू लागल्या. झिजेपेक्षाही वाईट म्हणजे, झिजून पडलेल्या कणांनी आसपासच्या ऊतींमध्ये तीव्र दाह निर्माण केला. अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी आली. अशा वेळी, १९६२ मध्ये, लँकेशायरमधील मागांसाठी प्लास्टिकचे गिअर विकणारा एक विक्रेता त्यांच्या प्रयोगशाळेत आला. त्याच्याकडील नमुना उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचा होता. चार्नलींनी त्यात फारसा रस दाखवला नाही, पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तो चाचणीयंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस यंत्र चालल्यावरही टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजले असते तितकीही झीज झालेली नव्हती. चार्नलींनी त्यानंतर टेफ्लॉन आणि पॉलिथिलीन यांचे नमुने स्वतःच्याच मांडीत रोवून घेतले आणि काही महिने शरीराची प्रतिक्रिया पाहिली. टेफ्लॉनच्या जागी गाठी हाताला लागत होत्या, पॉलिथिलीनच्या जागी तसे काही नव्हते. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी पॉलिथिलीनची वाटी बसवायला सुरुवात केली. आपल्या आईच्या गुडघ्यात बसणारी चकती याच पदार्थाच्या सुधारित रूपाची असेल.

त्या सुधारणांचा मार्गही सरळ नव्हता. चकत्या निर्जंतुक करण्यासाठी पूर्वी त्यांवर हवेत गॅमा किरण सोडत असत. त्यामुळे साठवणीतच प्लास्टिकचे ऑक्सिडेशन (ऑक्सिजनशी संयोग) होऊन ते ठिसूळ बनते, हे १९९० च्या दशकात स्पष्ट झाले आणि पद्धत बदलावी लागली. पुढे किरणांचा जास्त मारा करून रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडण्याचे तंत्र आले. खुब्यात या प्लास्टिकने झीज निर्विवादपणे कमी केली. गुडघ्यात तितका स्पष्ट लाभ दिसत नाही, कारण तेथे भार लहान जागेवर एकवटतो आणि साखळ्या जोडल्याने पदार्थाचा चिवटपणा थोडा घटतो. म्हणजे एकाच शरीरातील दोन सांध्यांतही एकच पदार्थ सारखा वागत नाही.

चाचणी आणि वास्तव यांतील अंतर किती महाग पडू शकते, हे धातूवर धातू घासणाऱ्या खुब्यांच्या प्रकरणात दिसले. प्लास्टिकच झिजते, तर प्लास्टिकच नको, हा त्यामागील विचार वरकरणी बिनतोड होता. एका प्रसिद्ध कंपनीच्या बनावटीची वाटी यंत्रावर योग्य कोनात बसवली असता उत्तम चालली. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत वाटीचा कोन थोडाफार बदलतो, तेव्हा भार वाटीच्या काठावर आला, कोबाल्ट व क्रोमियमचे कण सुटले आणि सांध्याभोवतीचे स्नायू व ऊती खराब झाल्या. हा दोष प्रथम उघड केला तो रोपण झालेल्या रुग्णांची वर्षानुवर्षे माहिती ठेवणाऱ्या रुग्णनोंदवह्यांनी. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीत पुन्हा शस्त्रक्रियेचे प्रमाण जास्त असल्याचे दिसून आले आणि ऑगस्ट २०१० मध्ये ती बनावट जगभरातून मागे घेण्यात आली. ब्रिटनच्या नोंदींनुसार पाच वर्षांत सुमारे १२ ते १३ टक्के रुग्णांवर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली होती.

आता साध्या गुडघ्याची बाजू पाहा. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार संपूर्ण गुडघारोपणांपैकी सुमारे ८२ टक्के रोपणे पंचवीस वर्षे टिकली. हा आकडा माणसांचा आहे, यंत्राचा नाही, आणि तोही पंचवीस वर्षांपूर्वीच्या पदार्थांनी मिळवलेला. अडुसष्टाव्या वर्षी शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णासाठी याहून भक्कम ग्वाही मला तरी ठाऊक नाही. ॲलर्जीचा पुरावा नसेल, तर वरचे पैसे सोनेरी थरावर घालू नयेत, असे माझे मत आहे. ते शस्त्रक्रियेनंतरच्या फिजिओथेरपीसाठी राखून ठेवावेत आणि आईची साखर, दात व त्वचेवरील जखमा यांची तपासणी आधी उरकून घ्यावी. दरांबाबत एवढेच की, राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमच्या संपूर्ण सांध्याची मर्यादा कर वगळून ५४,७२० रुपये होती. दर पुढे सुधारले जातात, म्हणून चालू मर्यादा पाहावी आणि बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवून घ्यावी. रोपणाच्या वेष्टनावरील, त्याचे मॉडेल व क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी डिस्चार्ज कार्डावर लावून घेण्यास विसरू नये. उद्या एखादे मॉडेल मागे घेतले गेले, तर आपल्या हाती तोच एक धागा असतो.

प्रश्न : भेगा आपोआप बुजवणाऱ्या काँक्रीटबद्दल वाचले. १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला तडे गेले होते. असे काँक्रीट तेव्हा असते, तर ते टळले असते का? कृष्णेवरील जुने पूल या तंत्राने सुरक्षित करता येतील का? (स्थापत्य अभियांत्रिकी पदविकेचा विद्यार्थी, कराड)

उत्तर : नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठात हेंक जोंकर्स यांनी विकसित केलेल्या पद्धतीत काँक्रीट कालवतानाच त्यात बॅसिलस गटातील जिवाणूंचे बीजाणू (त्यांची सुप्त अवस्था) आणि त्यांचे खाद्य म्हणून कॅल्शियम लॅक्टेट मिसळतात. भेग पडून पाणी आत शिरले की बीजाणू जागे होतात आणि त्यांच्या चयापचयातून तयार होणारे कॅल्शियम कार्बोनेट भेगेत साचते. प्रयोगशाळेत सुमारे ०.८ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा अशा रीतीने काही आठवड्यांत बुजल्या आहेत. पाणी सळईपर्यंत पोहोचू न देणे हा त्याचा खरा उपयोग आहे. पाण्याच्या टाक्या, तळघराच्या भिंती आणि बोगदे यांत त्याला भवितव्य दिसते.

कोयनेचा प्रश्न मात्र निराळा होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या या धरणाच्या सांडव्याबाहेरील उंच खंडांना आडवे तडे गेले आणि ते मुख्यतः ज्या पातळीवर धरणाच्या मागील बाजूचा उतार एकदम बदलतो, त्या पातळीलगत गेले. जेथे आकार अचानक बदलतो तेथे ताण एकवटतो, हे आपण पहिल्या वर्षी शिकला असाल. शिवाय धरणाच्या संकल्पनात (डिझाइनमध्ये) भूकंपाचा आडवा जोर गुरुत्वत्वरणाच्या पाच टक्के धरला होता, तर धरणावरील उपकरणाने नोंदलेली त्वरणे त्याच्या अनेक पटींनी जास्त, गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याच्या घरात होती. म्हणजे उणीव जोराच्या अंदाजात आणि आकारात होती. काँक्रीट कितीही हुशार असले, तरी त्या पहाटे काही सेकंदांत आलेला ताण ते पचवू शकले नसते आणि आठवड्यांनी बुजणाऱ्या भेगेचा त्या क्षणी काही उपयोग नव्हता. दुरुस्ती करणाऱ्यांनी हे अचूक ओळखले. तडे इपॉक्सी या चिकट राळेने भरून ते थांबले नाहीत, तर धरणाला मागून काँक्रीटचा आधार देऊन त्याचा छेदच जाड केला. सांडव्याचा भागही पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात असाच बळकट करण्यात आला. तुमच्या कराडातच केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची खोल विंधनविवरांवर (जमिनीत यंत्राने पाडलेल्या अरुंद विवरांवर) काम करणारी प्रयोगशाळा आहे आणि कोयना परिसरात तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक विवर खणले गेले आहे. जलाशय आणि भूकंप यांच्या नात्याचा तेथे चाललेला अभ्यास धरणांच्या सुरक्षिततेला जिवाणूंच्या काँक्रीटपेक्षा जास्त जवळचा आहे.

पुलांच्या बाबतीतही धोका बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या भेगेत नसतो. पुरात पूल पडण्याचे जगभरातील सर्वांत मोठे कारण म्हणजे खांबाभोवतीच्या भोवऱ्यांनी तळातील माती व वाळू खरवडली जाऊन पाया उघडा पडणे. पूर चढलेला असताना खड्डा सर्वांत खोल असतो आणि ओसरताना तो गाळाने पुन्हा भरतो, म्हणून पाणी उतरल्यावर वरून पाहणाऱ्याला सारे ठीक वाटते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. अशा पुरानंतर नदीतळाची मोजणी, पाणबुड्यांकडून किंवा ध्वनिलहरींवर चालणाऱ्या सोनार यंत्राने पायाची पाहणी आणि पायाभोवती मोठ्या दगडांचे अस्तर ही कामे करावी लागतात. पुलाजवळचा वाळूउपसा थांबवणे हा तर सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यावर शोधनिबंध निघत नाहीत, एवढाच त्याचा दोष.

प्रश्न : ॲन्जिओप्लास्टीचा सल्ला मिळाला आहे. काही वर्षांनी विरघळून जाणारा स्टेंट मिळतो, असे एका नातेवाइकाने सांगितले. तोच बसवावा का? (निवृत्त एसटी कर्मचारी, कोरेगाव)

उत्तर : स्टेंट म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी. ती विरघळून जावी ही कल्पना आकर्षक आहे, कारण रक्तवाहिनीला आधाराची गरज काही महिनेच असते. पॉलिलॅक्टिक आम्लाच्या वर्गातील पदार्थाचा असा एक स्टेंट अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये मान्य झाला. मात्र धातूइतकी ताकद येण्यासाठी त्याच्या काड्या सुमारे १५० मायक्रॉन जाड ठेवाव्या लागल्या, तर आधुनिक धातूच्या स्टेंटच्या काड्या याच्या निम्म्या जाडीच्या असतात. जाड काड्यांमुळे रक्तप्रवाहाला अडथळा होतो. दोन-तीन वर्षांच्या पाठपुराव्यात त्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त आढळले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्याची विक्री थांबली. त्याच जातीच्या पदार्थाच्या, बारीक काड्यांच्या नव्या बनावटीला गुडघ्याखालील धमन्यांसाठी २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण हृदयाच्या धमन्यांची गोष्ट वेगळी आहे. आज आपल्यासाठी औषधलेपित धातूचा स्टेंट हाच प्रस्थापित पर्याय आहे. नातेवाइकांशी चर्चा करायचीच असेल, तर ती रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांविषयी करावी आणि त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नयेत.

प्रश्न : अपघातानंतर माझ्या मांडीत रॉड बसवलेला आहे. आता कंबरेचा एमआरआय करायला सांगितला आहे. चुंबकाने रॉड ओढला जाईल का? (एक गृहिणी, तासगाव)

उत्तर : नाही. हाडातील रॉड आणि पट्ट्या टायटॅनियमच्या किंवा विशिष्ट प्रकारच्या पोलादाच्या असतात, ज्यांवर चुंबकाचा परिणाम जवळजवळ होत नाही, शिवाय त्या हाडात घट्ट बसलेल्या असतात. रॉडच्या आसपासचे चित्र अस्पष्ट येईल, कंबरेचे मात्र अस्पष्ट येणार नाही. पेसमेकर, मेंदूतील रक्तवाहिनीवरची जुनी क्लिप किंवा डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण असेल, तर मात्र ते आधी सांगितलेच पाहिजे. खरा धोका खोलीत नेल्या जाणाऱ्या सुट्या लोखंडाचा असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या एका नातेवाइकाचा मृत्यू झाला. चुंबक यंत्र वापरात नसतानाही चालूच असते. म्हणून आपल्याबरोबर येणाऱ्यांनाही किल्ल्या, काठी आणि मोबाइल बाहेर ठेवायला सांगावे. शस्त्रक्रियेचे जुने कागद सापडत असतील, तर ते तंत्रज्ञाला आधीच दाखवावेत.