नोकरी धरली की चित्र सुटतं का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी डोंबिवलीला राहते, वय २९. जेजे स्कूल ऑफ आर्टमधून पेंटिंग केलं त्याला आता सात वर्षं होतील. शनिवार-रविवार मुलांचे ड्रॉइंगचे क्लास घेते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घेते, मध्येमध्ये पोर्ट्रेटच्या ऑर्डरी, कॅफेच्या भिंती वगैरे. कधी महिन्याला पंचवीस हजार येतात, कधी नऊ. माझं स्वतःचं काम म्हणजे मिठागरांची मोठ्या कॅनव्हासची सिरीज, दोन ग्रुप शोमध्ये लागली पण विकलं काहीच गेलं नाही. आता अंधेरीच्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत बॅकग्राउंड आर्टिस्टची ऑफर आलीय, ४२ हजार हातात. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत, आई म्हणते पीएफ कापतात ना, मग विचार कसला करतेस. जेजेचे मित्र म्हणतात तिकडे गेलीस की संपलीस. लेटरमध्ये असंही लिहिलंय की नोकरीत असताना मी जे काही काढेन, ऑफिसबाहेरचं पण, ते सगळं कंपनीचं. पंधरा दिवसांत कळवायचंय. काय करू?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: अगं, नोकरी घे. पण त्या लेटरवर आहे तशी सही करू नकोस, आणि ती ‘सगळं कंपनीचं’वाली ओळ तू पत्राच्या शेवटी लिहिलीस तरी मी तिथूनच सुरू करणार.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्याचं कलम १७ बघ. नोकरीचा भाग म्हणून जे काढशील त्याची पहिली मालकी कंपनीची, वेगळा करार नसेल तर. म्हणजे त्यांच्या मालिकेसाठी रंगवलेलं जंगल त्यांचं, याबद्दल वाद नाही. पण रात्री घरी, स्वतःच्या रंगाने, स्वतःच्या कॅनव्हासवर काढलेली मिठागरं आपोआप त्यांची होत नाहीत, ती त्यांची होतात तू तसं लिहून दिलंस तर, आणि ही ओळ नेमकं तेच लिहून घेतेय. बऱ्याचदा हे छापील लेटर असतं, सगळ्यांना एकच पाठवतात, त्यामुळे घाबरू नकोस, एचआरला साधा मेल टाक की ऑफिसच्या वेळेबाहेर, ऑफिसचं सामान न वापरता केलेली माझी पेंटिंग यातून वगळा, चालू सिरीजची यादी जोडतेय. फोनवर "हो हो चालेल" म्हणाले तर ते धरायचं नाही, लेखी पाहिजे. आणि नाहीच म्हणाले तर नोकरी सोड, इथे मात्र मी मित्रांच्या बाजूने आहे.

बाकी मित्रांचं राहू दे. त्यातल्या किती जणांचं घरभाडं चित्रांवर निघतं ते एकदा हळूच विचारून बघ. चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. चित्रकार प्रभाकर बरवे तुमच्याच जेजेचे, साठच्या दशकात वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे हातमाग विणकरांसाठीच्या सरकारी केंद्रात, नोकरीला होते, त्या नोकरीने त्यांना बनारसला पाठवलं आणि तिथे जी तंत्रसाधनेतली चिन्हं बघितली ती त्यांच्या चित्रात उतरली. तुझंही तसंच होईल असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण नोकरी म्हणजे संपलीस हे गणित कुठून आलं मला कळत नाही.

उलट तुझ्या क्षेत्राचं घड्याळच इतकं संथ आहे की ज्याच्याकडे पगार आहे तोच थांबू शकतो. जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज केला तर तारीख मिळेपर्यंत वर्षं जातात, आणि मिळाल्यावर आठवडाभराचं भाडं, फ्रेम, कॅटलॉग, डोंबिवलीहून काळा घोड्यापर्यंत टेम्पो, हे सगळं तुझ्या खिशातून. खाजगी गॅलरीने घेतलंच तर तीस ते पन्नास टक्के कमिशन जातं. नऊ हजाराच्या महिन्यात कुणी अर्ध्या किमतीत कॅनव्हास मागितला तर तू देऊन टाकशील, तुलाही माहितीय. म्हणून अर्ज आत्ताच कर, नोकरी आणि वेटिंग एकदमच चालू दे. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनालाही एंट्री पाठवत जा, १८८८ पासूनची संस्था आहे, निदान चार जाणकार डोळ्यांसमोरून काम जाईल.

आईचंही थोडं. पीएफ चांगलाच, बेसिकच्या १२ टक्के तुझे, तेवढेच कंपनीचे. पण तो पैसा अडकलेला असतो, कॅनव्हास त्यातून येत नाही. त्यामुळे पहिल्या पगारापासून घरी किती द्यायचे ते आईबाबांसमोर बसून ठरव आणि चित्रांचं खातं वेगळं काढ, नाहीतर बाबांच्या रिटायरमेंटनंतर आकडा आपोआप वाढत जातो आणि कुणाला बोलताही येत नाही.

आता मला खरी भीती कशाची वाटते सांगू, वेळेची. डोंबिवली ते घाटकोपर लोकल, पुढे मेट्रो, जाऊन येऊन तीन तास धर, वर नऊ तास स्क्रीनसमोर रंगकामच, घरी आल्यावर ब्रश हातात घ्यावासाही वाटणार नाही. लोक म्हणतात रोज रात्री एक तास काढ, मला ते पटत नाही, मोठा कॅनव्हास तासाभराच्या तुकड्यात होत नाही, नुसतं रंग काढून ठेवण्यात वेळ जातो. तुला सलग दिवस लागणार, आणि तुझे सलग दिवस म्हणजे शनिवार-रविवार, जे क्लास खातायत. म्हणून सोडायचे तर क्लास सोड. चालू बॅच परीक्षेपर्यंत ने, पालकांना आताच सांगून टाक, नवीन घेऊ नकोस. आठवड्यात लोकलमध्ये जागा मिळाली तर छोटी स्केचबुक, तेवढंच.

सहीआधी तिथे काम करणाऱ्या कुणालातरी गाठून विचार की डेडलाइनला शनिवारी बोलावतात का, आणि किती वेळा. दर शनिवारी असेल तर ४२ हजार कमी आहेत, घरून कामाचे दोन दिवस तरी माग. नोटीस पिरियडही बघून घे, तीन महिन्यांचा असेल तर एकावर आणायला सांग, सांगायचं ते सहीच्या आधी, नंतर कुणी ऐकत नाही.